हेमिंग्वेची कादंबरी आणि जॉन डनचं चिंतन: तुलनात्मक निबंध कसा लिहायचा

'हेमिंग्वेची कादंबरी आणि डनचं चिंतन यांची पंधराशे शब्दांत तुलना करा.' प्रश्न दिसायला सोपा असतो. अर्नेस्ट हेमिंग्वेने १९४० साली आलेल्या 'फॉर हूम द बेल टोल्स' या कादंबरीचं नावच सतराव्या शतकातला इंग्रज कवी आणि धर्मगुरू जॉन डन याच्या सतराव्या 'मेडिटेशन'मधून, म्हणजे चिंतनातून, घेतलं आणि त्यातला उतारा पुस्तकाच्या सुरुवातीला छापला. म्हणजे दोघांचं म्हणणं एकच, 'कोणीही माणूस बेट नाही', आणि तेच चार प्रसंगांनी फुलवलं की निबंध तयार. असे निबंध गठ्ठ्याने येतात आणि सगळ्यांच्या पदरात सारखेच बेताचे मार्क पडतात. साम्य तर लेखकानेच पहिल्या पानावर सांगून टाकलेलं आहे, ते पुन्हा दाखवल्याचे मार्क कोण देणार? खरा निबंध आहे तो हेमिंग्वेने डनकडून काय घेतलं आणि काय मागे ठेवलं, यात. पुढची सगळी तयारी त्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी डन, आणि तोही पूर्ण

कादंबरीला साडेचारशेच्या वर पानं आहेत, चिंतन जेमतेम दोन पानांचं. साहजिकच विद्यार्थी कादंबरीवर तीन आठवडे घालवतात आणि डनसाठी पुस्तकाच्या सुरुवातीचा उतारा पुरे मानतात. इथेच घोळ होतो. तो उतारा म्हणजे चिंतनाच्या मधला एक तुकडा आहे. 'कोणीही माणूस बेट नाही' इथे तो सुरू होतो आणि 'ती (मरणाची घंटा) तुझ्यासाठीच वाजते आहे' इथे थांबतो. त्याच्या आधी बरंच काही आहे आणि नंतरही आहे.

डन १६२१पासून लंडनच्या सेंट पॉल्स कथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू, होता. १६२३च्या अखेरीस तो जिवावरच्या दुखण्यातून गेला आणि त्या आजारपणावर त्याने लिहिलेलं पुस्तक १६२४ साली छापून आलं. पुस्तकाचे तेवीस भाग आहेत. प्रत्येक भागात आधी चिंतन, मग देवाशी वादसंवाद, मग प्रार्थना. सतरावा भाग वाचताना सोळावा आणि अठरावाही वाचा, दोन्ही छोटे आहेत. सोळाव्यात शेजारच्या चर्चची घंटा रोज ऐकून त्याला स्वतःच्या दफनाची आठवण होते. सतराव्यात घंटा कोणा दुसऱ्यासाठी संथ वाजते आहे, तो माणूस अजून मरतो आहे. अठराव्यात तो गेलेला आहे. हा क्रम माहीत असला की 'डन मृतांबद्दल शोक करतो' असलं ढोबळ वाक्य निबंधात येत नाही.

सतराव्या चिंतनाची सुरुवात तर फारच विलक्षण आहे आणि ती उताऱ्यात नाही. ज्याच्यासाठी घंटा वाजते आहे तो इतका आजारी असेल की त्यालाच ते कळत नसेल, असं डन म्हणतो. आणि लगेच पुढे: कदाचित ती माझ्यासाठीच वाजत असेल, भोवतालच्या लोकांना माझी अवस्था दिसत असेल आणि मलाच ती ठाऊक नसेल. मग चर्च सर्वांचं आहे, म्हणून कुणाचा बाप्तिस्मा झाला किंवा कुणाचं दफन झालं तरी त्याचा माझ्याशी संबंध आहे, हा मुद्दा येतो. सगळी मानवजात म्हणजे एकाच लेखकाचा एक ग्रंथ. माणूस मेला म्हणजे प्रकरण फाडलं जात नाही, त्याचं अधिक चांगल्या भाषेत भाषांतर होतं. भाषांतर करणारे अनेक: म्हातारपण, आजार, युद्ध, न्यायालयाची शिक्षा. पण प्रत्येक भाषांतरात हात देवाचा.

उताऱ्यानंतरचा भागही तितकाच कामाचा आहे. दुसऱ्याचं दुःख उसनं घेणं ही हाव नाही का, अशी शंका डन स्वतःच काढतो आणि उत्तर देतो की दुःख हा खजिनाच आहे. फक्त तो नाणी न पाडलेल्या सोन्यासारखा आहे, प्रवासात खर्चायला उपयोगी नाही. आपण आपल्या घराजवळ, म्हणजे स्वर्गाजवळ, जाऊ तसतसा तो उपयोगी पडतो. दुसऱ्या माणसाच्या पोटात ते दुःख खाणीतल्या सोन्यासारखं पडून राहील, घंटा ते खणून माझ्या हाती देते.

आता उतारा पुन्हा वाचा. भाषांतर करणारा देव गेला, स्वर्ग गेला, सोनं गेलं. उरलं ते सगळी माणसं ज्याचे तुकडे आहेत ते भूखंड, समुद्रात वाहून गेलेलं ढेकूळ आणि घंटा.

कादंबरीतून काय उचलायचं

त्रेचाळीस प्रकरणांचा सारांश लिहायला गेलात तर शब्दमर्यादा तिथेच संपेल. तपासणाऱ्याला कथानक माहीत आहे. त्याला एवढंच हवं: स्पेनचं यादवी युद्ध, १९३७च्या मे महिन्याची अखेर, रिपब्लिकन, म्हणजे फॅसिस्टविरोधी, बाजूने लढणारा अमेरिकन रॉबर्ट जॉर्डन, ग्वादारामाच्या डोंगरात पाब्लो आणि पिलार यांची गनिमी टोळी, आणि ठरलेल्या वेळी उडवायचा एक पूल. तीन-चार दिवसांतच सगळं घडतं. ही माहिती दोन वाक्यांत बसते, तिसरं लिहू नका.

पुढची प्रकरणं मात्र पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचा. तिसऱ्यात म्हातारा वाटाड्या अन्सेल्मो आणि जॉर्डन माणूस मारण्याबद्दल बोलतात. देव असो वा नसो, मारणं हे पाप आहे, असं अन्सेल्मो म्हणतो. देव असता तर जे डोळ्यांनी पाहिलं ते त्याने घडू दिलं नसतं, हेही तोच म्हणतो. दहाव्यात पिलार गावातल्या फॅसिस्टांच्या कत्तलीची हकीकत सांगते, ती कत्तल तिच्याच बाजूच्या लोकांनी केलेली आहे. पंचविसाव्यात शेजारच्या टेकडीवरून एल सोर्दो या साथीदाराच्या टोळीवर हल्ला झाल्याचा गोळीबार ऐकू येतो. सव्विसावं, सत्ताविसावं, अडतिसावं आणि शेवटचं प्रकरण यांच्याकडे पुढे वळूच.

वहीचं पान उभं दुमडा. डाव्या रकान्यात डनचं वाक्य किंवा कल्पना, उजव्या रकान्यात कादंबरीतला प्रसंग आणि प्रकरण क्रमांक. प्रत्येक जोडीखाली एक ओळ लिहा, 'पण' या शब्दाने सुरू होणारी. 'पण' सुचलंच नाही तर ती जोडी निबंधात घेऊ नका, ती नुसतं साम्य आहे. आठ-दहा जोड्या झाल्या की तीन निवडा. चौथी कितीही आवडली तरी ती पंधराशे शब्दांत धड मावत नाही.

मुख्य विधान

हे एकच वाक्य असतं आणि ते प्रस्तावनेच्या शेवटी येतं. त्याची कसोटी अशी: कुणी शहाणा माणूस त्याच्या विरुद्ध बोलू शकेल का? 'दोन्ही लेखक मानवी एकतेचं महत्त्व सांगतात' याच्या विरुद्ध कोणी बोलणार नाही, म्हणून ते विधान मेलेलं आहे. 'डन धार्मिक आहे तर हेमिंग्वे आधुनिक' यात फरक आहे पण नातं नाही, ते दोन वेगवेगळ्या लेखकांच्या ओळखीसारखं झालं.

चालेल असं विधान: 'डनच्या चिंतनात माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत कारण ती एकाच देवाची आहेत, हेमिंग्वे ते बंधन ठेवतो, त्यामागचा देव काढून घेतो, आणि कादंबरीतली माणसं त्या रिकाम्या जागेची किंमत मोजत राहतात.' याला विरोध करता येतो, कारण कादंबरीत प्रार्थना आहेतच. तो विरोध निबंधातच घ्यायचा आहे, म्हणून हे विधान चांगलं.

रचना आणि शब्द

तुलनात्मक निबंधाच्या दोन पद्धती शिकवतात. एकीत आधी सगळा डन, मग सगळा हेमिंग्वे. दुसरीत मुद्द्यागणिक दोघंही. या विषयाला पहिली पद्धत घेऊ नका. दोन पानांचा मजकूर आणि अख्खी कादंबरी यांचं वजन इतकं असमान आहे की डनचा भाग प्रस्तावनेसारखा होतो आणि मग हेमिंग्वेच चालू राहतो. मुद्देवार लिहिलं की प्रत्येक परिच्छेदात डनला बोलावंच लागतं.

पंधराशे शब्दांसाठी हिशेब साधारण असा: प्रस्तावना १५०, पहिला मुद्दा ३५०, दुसरा ३५०, तिसरा ४००, शेवट १२०. उरलेले एकशेतीस शब्द अवतरणांसाठी आणि फेरबदलासाठी हाताशी ठेवा. तिसऱ्याला जास्त जागा, कारण विरोधी पुरावा तिथे येतो.

मुद्द्यांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे: ऐकणं, मग शत्रू, मग देव.

पहिला मुद्दा: ऐकणं

कादंबरीत खरीखुरी घंटा शोधत बसू नका. डन ऐकतो तसं जॉर्डन कुठे काय ऐकतो, ते शोधा. ते पंचविसाव्या आणि सव्विसाव्या प्रकरणात आहे. नमुन्यादाखल एक परिच्छेद:

'डन आजारी पडून घंटा ऐकतो आणि मरणाऱ्या अनोळखी माणसाला आपल्यात सामावून घेतो. त्याला दुसरं काही करताच येत नाही, ऐकणं हेच त्याचं कर्तव्य आहे. जॉर्डनही दुसऱ्यांचं मरण दुरून ऐकतो, पण तो उठून जाऊ शकतो. सोर्दोच्या मदतीला जाऊ या म्हणून टोळीतला प्रिमिटिव्हो आग्रह धरतो आणि जॉर्डन नाही म्हणतो, कारण सोर्दोला वाचवण्यापेक्षा पूल उडवणं महत्त्वाचं आणि त्यासाठी माणसं हवीत. त्यानंतर तो उन्हात बसून, आपणच सकाळी मारलेल्या शत्रूच्या घोडेस्वाराच्या खिशातली पत्रं वाचतो. मुलगा नवारा प्रांतातल्या ताफाय्याचा, एकवीस वर्षांचा, लोहाराचा. डनच्या मते प्रत्येक मरण ऐकणाऱ्याला उणं करतं. जॉर्डनला हे पटतं, आणि तरीही तो जागचा हलत नाही.'

यात काय आहे ते पाहा. डनचं नाव सुरुवातीलाही आहे आणि शेवटाकडेही. प्रसंग एकाच दिवसाचे आहेत. तपशील थोडा पण नेमका आहे: गाव, वय, बापाचा धंदा. शेवटचं वाक्य मुख्य विधानाकडे नेतं, ते विधान पुन्हा उच्चारत मात्र नाही. 'यावरून असे दिसून येते की' हा शब्दप्रयोग कुठेही नाही, तुमच्याही निबंधात नको.

दुसरा मुद्दा: शत्रूही भूखंडाचा भाग आहे का

डनच्या चिंतनात मारणारा माणूस नाही. युद्ध आणि न्यायालय हे फक्त भाषांतर करणारे आहेत. कादंबरीत मारणारा नायकच आहे. सव्विसाव्या प्रकरणात जॉर्डन स्वतःची उलटतपासणी घेतो: आपण किती मारले, त्यातले खरे फॅसिस्ट किती, आणि नवारातली माणसं आपल्याला सगळ्यांत आवडतात हे कबूल करूनही आपण त्यांनाच मारतो. पहिला आधार हा घ्या, दुसरा शेवटच्या पानाचा. पाय मोडलेला जॉर्डन जंगलात पालथा पडून शत्रूच्या ज्या लेफ्टनंट बेरेंदोवर नेम धरतो आहे, त्याला वाचकाने सत्ताविसाव्या प्रकरणात मित्रासाठी शोक करताना पाहिलेलं आहे. त्याच बेरेंदोने सोर्दोच्या माणसांची मुंडकी कापायला लावली हेही पाहिलेलं आहे. दोन्ही लिहा. एकच लिहिलंत तर परिच्छेद भाबडा किंवा कडवट होईल.

इथे पाब्लोचा उपयोगही करता येतो, आणि तो फार कमी जण करतात. पाब्लो स्फोटाचं साहित्य पळवून फेकून देतो आणि टोळी सोडतो. अडतिसाव्या प्रकरणात तो परत येतो, कारण ते कृत्य केल्यावर आलेलं एकटेपण त्याला सोसवत नाही. 'कोणीही माणूस बेट नाही' याचा यापेक्षा थेट पुरावा कादंबरीत नाही. आणि हाच पाब्लो बरोबर आणलेल्या पाच माणसांना शेवटी घोड्यांसाठी संपवतो. एकटेपण सोसवत नाही म्हणून माणूस चांगला होतोच असं नाही. ही गाठ सोडवायला जाऊ नका, नुसती दाखवली तरी पुरे.

तिसरा मुद्दा: देव, आणि तुमच्या विरुद्धचा पुरावा

अन्सेल्मोचं तिसऱ्या प्रकरणातलं बोलणं हा इथला पाया. देव नाही, तेव्हा माणूस स्वतःलाच जबाबदार, असा त्याचा निष्कर्ष. डनने माणसांमधलं नातं देवाच्या ग्रंथात बांधलं होतं, अन्सेल्मो ते उघड्यावर ठेवतो. पुलावरच्या पहारेकऱ्याला मारल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि पाप धुऊन काढायची कुठलीही सोय त्याच्यापाशी नाही.

आता विरोध. सत्ताविसाव्या प्रकरणात विमानं येताना सोर्दोच्या टोळीतला कोवळा होआकिन आधी राजकीय घोषणा म्हणतो, मग त्या सोडून मेरीची प्रार्थना म्हणू लागतो. प्रकरणाच्या शेवटी बेरेंदो प्रार्थना करतो, आणि पुढे अन्सेल्मोही, चळवळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. म्हणजे हेमिंग्वेने देव काढून टाकला म्हणणं चूक? पूर्ण चूक नाही, पण विधान थोडं वाकवावं लागतं. दोन्ही बाजू एकाच देवाला हाक मारतात आणि तरी एकमेकांना मारतात. डनसाठी देव हा माणसांना जोडणारा धागा आहे. इथे प्रार्थना सगळ्यांची सारखी आहे, जोडत मात्र कुणालाच नाही. एवढं लिहिलंत की निबंध बहुतेकांच्या पुढे गेलेला असेल.

जॉर्डन प्रेयसी मारियाला निरोप देताना म्हणतो की आपल्यापैकी एक जरी राहिला तरी दोघंही आहोत. हे वाक्य मोहात पाडतं आणि बहुतेक निबंध त्यावरच संपतात. वापरायचं तर डनच्या भाषांतराच्या रूपकासमोर ठेवून वापरा: डनकडे मेलेला माणूस देवाच्या ग्रंथात उरतो, इथे तो फक्त दुसऱ्या जिवंत माणसात उरतो, आणि ती मेली की संपला.

अवतरणं

कादंबरीच्या आवृत्त्या अनेक आहेत, पान क्रमांक जुळत नाहीत. प्रकरण क्रमांक द्या, वर्गात एकच आवृत्ती लावलेली असेल तर पानही द्या. डनचं स्पेलिंग जुनं ठेवायचं की आधुनिक, हे एकदा ठरवा. उतारा कादंबरीच्या पुस्तकातून जुन्या स्पेलिंगमध्ये आणि उरलेलं चिंतन इंटरनेटवरून आधुनिक स्पेलिंगमध्ये उचललं की दोन्ही प्रकार एकाच पानावर येतात, आणि विद्यार्थ्याने मूळ मजकूर एकत्र वाचलेला नाही हे लगेच कळतं. निबंध मराठीत असेल तर भाषांतर तुमचं आहे हे एकदा नमूद करा. सलग तीन ओळींपेक्षा मोठं अवतरण या लांबीच्या निबंधात नको. डनची वाक्यं लांबलचक आहेत, त्यांतला अर्धा भाग आपल्या वाक्यात गुंफून घ्या.

हटकून होणाऱ्या चुका

सगळ्यांत जास्त दिसणारी: डनच्या मजकुराला कविता म्हणणं. डन मोठा कवी होता, आणि हा उतारा भिंतीवरच्या पोस्टरवर ओळी तोडून छापतात, त्यामुळे गैरसमज होतो. ते गद्य आहे. 'डन आपल्या कवितेत म्हणतो' हे पहिल्याच ओळीत आलं तर पुढचं सगळं संशयाने वाचलं जातं.

जॉर्डन हा अमेरिकन सैन्यातला सैनिक नाही, माँटानातला स्पॅनिशचा शिक्षक आहे, स्वेच्छेने आलेला. कादंबरी प्रथमपुरुषी नाही. १९४३चा चित्रपट पाहून निबंध लिहिला तर तो ओळखू येतो, कारण अशा निबंधात मारिया फार असते आणि अन्सेल्मो फार कमी. हेमिंग्वे या युद्धाची बातमीदारी करत होता ही माहिती खरी आहे, पण ती तुमच्या मुद्द्याला पुढे नेत नसेल तर तिला जागा देऊ नका.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इथे पसायदान आठवतंच, आणि 'खळांची व्यंकटी सांडो' ही ओळ शत्रूच्या मुद्द्याशी खरंच जुळते. तरी प्रश्न दोन संहितांचा आहे. प्रबंधिकेत जरूर आणा, पंधराशे शब्दांत तिसरी संहिता आणली की तिन्ही अर्धवट राहतात.

परीक्षेत पाऊण तास असेल तर

पहिली सात मिनिटं फक्त दोन रकाने आणि मुख्य विधान. नंतर दोनच मुद्दे: ऐकणं आणि देव. शत्रूचा मुद्दा देवाच्या मुद्द्यातच दोन वाक्यांत सामावून घ्या. अवतरणं पाठ असतील तेवढीच द्या, चुकीचं अवतरण देण्यापेक्षा आशय सांगून प्रकरण नमूद करणं बरं. शेवटी पाच मिनिटं राखा आणि प्रत्येक परिच्छेदात डन आणि कादंबरी दोन्ही आहेत ना, एवढंच तपासा. ज्या परिच्छेदात डन सापडत नाही, तिथे समासात बाण काढून एक वाक्य घाला. खाडाखोड दिसली तरी चालते.